कूलरचा टॉप आणि ग्राफिक्स कार्डाची केबल

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागून दोन दिवस झाले होते. दुपारी तीनच्या सुमारास हॉलमधला कूलर आपोआप बंद पडला. बाबांनी टॉप, म्हणजे वायरच्या टोकाचा पिनांचा प्लग, बोर्डातून ओढून काढला, नाकाशी नेला आणि मला हाक मारली. "हे पाय इकडे." टॉपच्या एका पितळी पिनेवर काळपट थर चढला होता आणि तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक मऊ पडून वाकलं होतं. वायर मात्र अगदी नव्यासारखी.

"वायर नाही जळत पोरी, जॉइंट जळते," बाबा म्हणाले.

बाबांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली, त्यातली बरीच वर्षं केबलचे जॉइंट बांधण्यात. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्या दुपारी ते मनात रुतलं, कारण आतल्या खोलीत माझ्या टेबलावर सकाळीच नागपूरच्या बर्डीवरून आणलेला खोका ठेवलेला होता. त्यात ऐंशी हजारांच्या घरातलं ग्राफिक्स कार्ड होतं आणि संध्याकाळी मी ते बसवणार होते.

मी आर्किटेक्ट लोकांसाठी थ्रीडी रेंडर आणि वॉकथ्रू करते, म्हणजे इमारतीची खऱ्यासारखी चित्रं आणि आतून फिरवून आणणारे व्हिडिओ. बेसा, मनीषनगर, वर्धा रोड या बाजूला ज्या इमारती उभ्या राहतायत, त्यांतल्या काही आधी माझ्या स्क्रीनवर उभ्या राहिलेल्या असतात. चार वर्षं माझं काम आरटीएक्स ३०६० वर चाललं. चांगलं कार्ड, तक्रार नाही. पण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सोसायटीची बाग घातली, झाडं आणि गवत पेरलं, की त्याची १२ जीबी मेमरी भरून जायची आणि रेंडर मध्येच थांबायचा. म्हणून पैसे साठवून आरटीएक्स ४०७० टीआय सुपर घेतलं. जानेवारी २०२४ मध्ये बाजारात आलेलं हे कार्ड, १६ जीबी मेमरीचं. जुनं १७० वॅट खायचं, हे २८५ खातं. वाढलेले हे ११५ वॅट कुठून आणि कसे यायचे, सगळा प्रश्न एवढाच.

ज्यांनी कॉम्प्युटरचं कॅबिनेट कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डाच्या, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाच्या, ज्या स्लॉटमध्ये बसतं, तिथून त्याला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात. त्यामुळे लहान कार्डांना वेगळी केबल लागतच नाही. त्याच्या वर लागणारी वीज एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, थेट केबलने आणायची. सहा पिनांच्या केबलला ७५ वॅटचं प्रमाण ठरलेलं आहे, आठ पिनांच्या केबलला १५० चं. माझ्या जुन्या कार्डाला एक आठ पिनांची केबल पुरत होती. नव्या कार्डाला सोळा पिनांचं बारकं सॉकेट आहे. त्यासाठी खोक्यात एक अडॅप्टर येतो, त्याच्या एका टोकाला सोळा पिना आणि दुसऱ्या टोकाला आठ-आठ पिनांची दोन तोंडं.

माझा एसएमपीएस ७५० वॅटचा, पूर्ण मॉड्यूलर, म्हणजे सगळ्या केबल सुट्या करता येणारा. सोळा पिनांची केबल थेट देणारे एटीएक्स ३.० प्रमाणाचे एसएमपीएस येण्याआधीचा. त्याला ग्राफिक्स कार्डासाठी एकच केबल लावलेली होती, पण तिच्या टोकाला दोन तोंडं होती. एक जुन्या कार्डात आणि दुसरं चार वर्षं नुसतं लोंबकळत होतं. अडॅप्टरला दोन तोंडं हवी आणि केबलला दोन तोंडं आहेत, बरोबर जुळतंय, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. बऱ्याच ठिकाणी असंच लावून देतात आणि कॉम्प्युटर सुरूही होतो.

बाबा कूलरचा टॉप हातात घेऊनच माझ्या मागे येऊन उभे राहिले होते.

"किती वॅट?"

"दोनशे पंच्याऐंशी."

"कितीवर?"

"बारा व्होल्टवर."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे चोवीस अँपिअर. माहा कूलर एक अँपिअर नाही खात, तरी टॉपचं काय झालं ते पायलं ना?"

हिशोब अगदी सरळ आहे आणि तो एकदा डोक्यात बसला की केबलकडे बघायची नजर बदलते. वॅट तेच ठेवून व्होल्ट कमी केले, की करंट तितक्याच पटीने वाढतो. २८५ वॅट २३० व्होल्टवर नेले तर सव्वा अँपिअर लागतो. तेच बारा व्होल्टवर नेले तर पावणेचोवीस. आणि जॉइंटमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. कोराडीच्या वीज केंद्रातून वीज बाहेर काढताना लाखो व्होल्टच्या लाइनवर चढवतात ती याच कारणाने, करंट कमी राहावा म्हणून. कॉम्प्युटरच्या डब्यात आपण नेमकं उलटं करतो. तिथे अंतर हातभराचं असतं म्हणून तारेचं निभावतं. पिनेचं निभावेलच असं नाही.

आठ पिनांच्या केबलमध्ये बारा व्होल्ट नेणाऱ्या तारा फक्त तीन असतात. बाकीच्या पाच ग्राउंडच्या (करंट परत नेणाऱ्या) आणि सेन्सच्या (केबल लागल्याचं कार्डाला कळवणाऱ्या). १५० वॅट तीन तारांत वाटले तर प्रत्येकीवर सव्वाचार अँपिअरच्या आत येतात. आता एकाच केबलच्या दोन तोंडांतून २८५ वॅट ओढले, तर पुढे तोंडं दोन असली तरी एसएमपीएसच्या बाजूला पिना त्याच तीन. प्रत्येकीवर आठ अँपिअरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दुप्पट. चांगल्या एसएमपीएसची जाड तार आणि चांगली पिन हे सोसतेही, म्हणून काही कंपन्या अशी केबल देतात. पण सोसणं वेगळं आणि नागपूरच्या मे महिन्यात रात्रभर रेंडर लावणं वेगळं. अशा कनेक्टरची अँपिअरची मर्यादा साधारणपणे तापमान ३० अंशांनी वाढेल असं धरून ठरवतात. ही वाढ खोलीतल्या हवेच्या वर असते. कूलर चालू असताना माझी खोली ३३-३४ अंशांवर असते, बंद असला की ४० च्या पुढे जाते, आणि कॅबिनेटच्या आतली हवा त्याहून गरम. पुण्या-बंगळुरूच्या माणसाला जी मोकळी जागा मिळते ती आपल्याला मिळत नाही, हे मला सगळ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं. इथे प्रत्येक तोंडाला स्वतंत्र केबल लावा.

तर दुसरी केबल शोधायची होती. एसएमपीएससोबत ती आलेली होती, काळ्या कापडी पिशवीत. पिशवी कुठे आहे ते मात्र कुणालाच आठवेना. भावाच्या कपाटात त्याच्या एसएमपीएसची पिशवी सापडली. तो पुण्याला आहे आणि त्याचा एसएमपीएस दुसऱ्या कंपनीचा. त्यातली आठ पिनांची केबल माझ्या केबलसारखीच दिसत होती. रंग तोच, तोंड तेच, आणि माझ्या एसएमपीएसच्या सॉकेटशी धरून पाहिलं तर बसेल असंच वाटलं. फोन केला तर म्हणाला, "लाव ना ताई, सेमच तर आहे."

मी लावली नाही. त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी माझा आधीचा एसएमपीएस गेला, तेव्हा नवा बसवायला एक जण घरी आले होते. केबल सगळ्या मॉड्यूलर होत्या, म्हणून त्यांनी जुन्या केबल कॅबिनेटमध्ये जशा ओवलेल्या होत्या तशाच ठेवल्या आणि फक्त डबा बदलला. बटन दाबलं, आणि दोन वर्षांचं काम असलेली माझी हार्डडिस्क गेली. फिरलीसुद्धा नाही. कार्डाच्या किंवा डिस्कच्या बाजूला कोणत्या पिनेवर काय असावं हे जगभर ठरलेलं आहे. एसएमपीएसच्या बाजूला काहीच ठरलेलं नाही. तिथे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने पिना लावते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. प्लास्टिक बसतं म्हणून वीजही बरोबर जाते असं नाही. त्या डिस्कवर माझ्या पहिल्या मोठ्या प्रोजेक्टच्या फाइल्स होत्या, त्या मला पुन्हा कधीच मिळाल्या नाहीत.

या वेळी बाबांनी मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचा मीटर, काढला. कागदावर मी आठ-आठ घरांचे दोन चौकोन आखले, एक एसएमपीएसच्या बाजूचा, एक कार्डाच्या बाजूचा. मग दोन्हीकडून सुटी केलेली माझी केबल टेबलावर ठेवली. मीटर कंटिन्युइटीवर लावायचा, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो, एक टोक या बाजूच्या पहिल्या घरात, दुसरं टोक त्या बाजूच्या एकेका घरात, आणि बीप वाजला की कागदावर रेघ ओढायची. बाबा टोकं धरत होते, मी रेघा ओढत होते. मग भावाची केबल घेतली आणि दुसऱ्या कागदावर तेच केलं.

माझ्या केबलमध्ये एसएमपीएसकडच्या वरच्या ओळीतली तीन घरं कार्डाच्या बारा व्होल्टच्या पिनांना जात होती. भावाच्या केबलमध्ये तीच तीन घरं ग्राउंडला जात होती. लावली असती तर माझ्या एसएमपीएसचे बारा व्होल्ट कार्डाच्या ग्राउंडमध्ये शिरले असते. एसएमपीएसने स्वतःला बंद करून घेतलं असतं तर नशीब. बाबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. भावाला मी दोन्हींचे फोटो पाठवले.

माझी पिशवी शेवटी माळ्यावर सापडली, कूलरच्या गवताच्या जुन्या पोत्यामागे. आत दुसरी केबल कागदी पट्टीसकट गुंडाळलेली होती. तिचीही मीटरवर तपासणी झाली, कारण बाबा ऐकेनात. रेघा सगळ्या जुळल्या.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पिशवीत तीही केबल असते आणि घाईत हात तिच्यावर पडतो. प्रोसेसरची केबलही आठ पिनांचीच असते. तिचं तोंड चार-चार असं फुटतं, ग्राफिक्स कार्डाचं सहा-दोन असं. प्रोसेसरच्या केबलमध्ये लॉकची क्लिप असलेल्या बाजूला बारा व्होल्ट असतात, कार्डाच्या केबलमध्ये त्याच बाजूला ग्राउंड. म्हणजे बरोबर उलट. पिनांचे आकार, काही चौकोनी आणि काही कोपरे कापलेले, मुद्दाम वेगळे ठेवलेत, म्हणजे चुकीचं तोंड आत जाऊ नये. जात नसेल तर जोर लावू नका, केबल बघा. बऱ्याच केबलवर सीपीयू (प्रोसेसरची) किंवा पीसीआयई (ग्राफिक्स कार्डाची) असं बारीक अक्षरात कोरलेलंही असतं.

बसवण्याच्या आधीचं काम थोडक्यात. एसएमपीएसचं बटन बंद, मेनमधून टॉप बाहेर, मग कॅबिनेटचं पॉवर बटन दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जातो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा आणि मगच कार्डाला. आमच्याकडे यात एक भर आहे. घराच्या मागे कोळसा आणि मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा आहे, आणि उन्हाळ्यात बाबा रोज संध्याकाळी त्यात बादलीभर पाणी ओततात. माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, आणि कमजोर झालं की कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात. तुमच्या घरी कॅबिनेट असं चावत असेल तर नवं कार्ड घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

कार्ड स्लॉटमध्ये गेलं, क्लिकचा आवाज आला, मागचे दोन स्क्रू लागले. आता सोळा पिनांचा तो प्लग.

याच्यात बारा मोठ्या पिना असतात, सहा बारा व्होल्टच्या आणि सहा ग्राउंडच्या. शेजारी चार बारक्या सेन्स पिना. केबल किती वीज देऊ शकते हे सेन्स पिना कार्डाला सांगतात: १५०, ३००, ४५० किंवा ६०० वॅट. माझा दोन तोंडांचा अडॅप्टर ३०० सांगतो. आठ पिनांच्या जुन्या प्लगमध्ये दोन पिनांतलं अंतर ४.२ मिलीमीटर होतं, इथे ३. इतक्या दाट पिना आणि प्रमाणाप्रमाणे ६०० वॅटपर्यंतची वीज, म्हणजे पूर्ण भारावर दर पिनेला ८.३ अँपिअर. पिनेची मर्यादा ९.५ ची. फार शिल्लक राहत नाही. माझ्या कार्डावर दर पिनेला चारच अँपिअर येतात, म्हणून मला थोडी निश्चिंती होती. ४५० वॅटचं आरटीएक्स ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं आणि काही आठवड्यांतच वितळलेल्या प्लगचे फोटो फिरू लागले. नोव्हेंबरमध्ये या आरटीएक्स कार्डांच्या कंपनीने, एनव्हिडियाने, सांगितलं की जगभरातून सुमारे ५० प्रकरणं आली आहेत आणि त्यांत समान दिसलेली गोष्ट म्हणजे प्लग पूर्ण आत गेलेला नव्हता. पुढे या सॉकेटची सुधारलेली आवृत्ती आली. तिच्यात सेन्स पिना दीड मिलीमीटर आखूड केल्या आणि वीज नेणाऱ्या पिना पाव मिलीमीटर लांब केल्या, म्हणजे प्लग अर्धवट राहिला तर सेन्स पिना टेकतच नाहीत आणि कार्डाला वीज ओढायला मोकळीक मिळत नाही.

हे वाचलं तेव्हा मला बाबांच्या हातातला तो टॉपच आठवला. पिन अर्धवट टेकली की टेकलेल्या भागातून सगळा करंट जातो, तो भाग तापतो, तापून धातूची पकड सैल होते, सैल झाली की अजून तापतो. कूलरचं जे झालं तेच. फक्त कूलरचा टॉप साठ रुपयांत येतो.

म्हणून या प्लगला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. आधी अडॅप्टर टेबलावर ठेवूनच त्याच्या दोन तोंडांत दोन केबल बसवल्या, लॉक पडल्याचा आवाज ऐकला, मग हलकं ओढून पाहिलं. सोळा पिनांचा प्लग मात्र कार्ड जागेवर बसल्यावर, कार्डाला मागून एका हाताने आधार देऊन, सरळ आत ढकलला. वाकडा धरून नाही आणि डोलवून तर अजिबात नाही. माझ्या प्लगला क्लिक असं काही ऐकूच आलं नाही, हात सांगत होता की गेला. बाबांनी टॉर्च मारली आणि बाजूने पाहिलं. "अजून केसभर आहे," म्हणाले. खरंच, एका कडेला बारीक फट दिसत होती. पुन्हा अंगठ्याने दाबला. फट गेली. बाबांची दृष्टी आता अधू झालीय, वर्तमानपत्राला चष्मा लागतो, पण ती केसभर फट त्यांनाच दिसली.

या प्लगला घालणं-काढणं ३० वेळांच्या हिशोबाने बनवलेलं असतं. तपासायला म्हणून दर आठवड्याला काढून बघू नका. त्यानेच पकड ढिली होईल.

मग काचेचं दार. माझं कॅबिनेट अरुंद आहे आणि कार्ड उंच. दार लावलं तर काच केबलला दाबून प्लगजवळच वाकवत होती. प्लगपासून ३५ मिलीमीटरपर्यंत केबल सरळ राहिली पाहिजे, त्यानंतर वळवायची. जवळून वाकवली तर एका बाजूच्या पिना ओढल्या जातात, दुसऱ्या बाजूच्या दबतात, आणि करंट सगळ्यांत सारखा वाटला जात नाही. मी पट्टीने मोजलं, २० मिलीमीटरच भरत होतं. म्हणून काचेचं दार सध्या भिंतीला टेकवून ठेवलंय आणि कॅबिनेटच्या त्या बाजूला बारीक जाळी लावलीय. दिसायला बरं नाही, आणि आपल्याकडची धूळ पाहता दर रविवारी ब्रशने झटकावं लागतं. काच लावायची तर मोठं कॅबिनेट घ्यावं लागेल, ते दिवाळीला.

रात्री नऊला बटन दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन आली. ड्रायव्हर घातल्यावर एचडब्ल्यूइन्फो हे आतले व्होल्ट-वॅट दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं. त्यात या कार्डाच्या सोळा पिनांच्या प्लगवरचे व्होल्ट वेगळे दिसतात. काही न करता १२.१ होते. मग बेसाच्या त्या सोसायटीचा सीन उघडला, सगळं गवत, सगळी झाडं, पोहण्याच्या तलावातलं पाणी, आणि रेंडर सुरू केला. कार्ड अडीचशे वॅटच्या आसपास गेलं. व्होल्ट ११.९ वर आले आणि तिथेच थांबले. जॉइंट कुठे बराच सैल असता तर हा आकडा हळूहळू खाली घसरायची शक्यता होती. दर पाच मिनिटांनी मी तो कागदावर लिहून ठेवत होते. तासभर लिहिलं, ११.९ च.

मेमरी पंधरा जीबीपर्यंत गेली होती. जुन्या कार्डावर हा रेंडर पूर्ण झालाच नसता.

दरम्यान बाबांनी पिशवीत उरलेल्या केबल परत भरल्या होत्या आणि बाहेरून पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलं होतं: "मोठ्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसच्या केबल. दुसऱ्याला लावू नये." भावाच्या पिशवीवरही त्याचं नाव घालून तसंच. आता दोन्ही पिशव्या कपाटात दोन वेगवेगळ्या खणांत आहेत.

साडेअकराला आईने आवाज दिला, की कूलरशिवाय झोपायचं कसं. बाबांनी दुपारीच चौकातून नवा टॉप आणि बोर्डासाठी नवं सॉकेट आणून ठेवलं होतं, कारण जुन्या सॉकेटमध्ये नवा टॉप घातला तर तोही जळेल. मी मेन बंद केला असता तर रेंडर गेला असता, म्हणून हॉलचाच एमसीबी खाली पाडला. बाबांनी स्क्रू आवळले, मी टॉर्च धरली. कूलर सुरू झाला, दहा मिनिटांनी बाबांनी टॉपला हात लावून पाहिला आणि मग माझ्या खोलीत येऊन कार्डाच्या केबललाही, प्लगपासून वीतभर अंतरावर, बोटांच्या मागच्या बाजूने.

"कोमट आहे," ते म्हणाले. "राहू दे."